शेऱ्याचा रकाना

गांधीनगरहून दोन ओळींचं पत्र आलं,
त्यात ‘सबब’ हा शब्द दोनदा.
अनुदान नाही. यंदा नाही,
आणि पुढल्या सालाबद्दल पत्र गप्प.
खंडेराव मार्केटात, आमच्या कचेरीच्या मागं,
गोंड्याच्या पाट्या उतरत होत्या.
साहेब म्हणाले, पागेदारबाई,
तिजोरीत काय आहे ते सांगा.

तिजोरीत नव्हतंच काही. नकाशात होतं.

टीपी स्कीम म्हणजे काय, हे घरी विचारतात
तेव्हा मी पोळपाटावर सांगते.
प्रत्येकाच्या गोळ्यातून थोडी कणीक काढायची,
त्यातून रस्ता लाटायचा, शाळा, पाण्याची टाकी.
उरलेल्यातला एक गोळा लिलावात विकायचा
आणि त्या पैशात
ज्यांच्याकडे कणीकच नव्हती त्यांचं घर.
‘आणि ज्याची कणीक गेली तो?’ आमचे हे विचारतात.
त्याची उरलेली पोळी आता रस्त्याला लागून आहे,
भाव चौपट.
खरं आहे ते.
तरी हे सांगताना मी उगाच पीठ झटकते.

कोपऱ्याचा प्लॉट, क्रमांक एकशे अठरा,
सुरतच्या पार्टीनं घेतला एक्केचाळीस कोटी साठ लाखांना.
शून्यं मी पेन्सिलीनं दोनदा मोजली.
तरी कमी पडत होते. मग शहरानं
शहराकडूनच उसने घेतले.
रोखे काढले. घरपट्टीचा पहिला रुपया वेगळ्या खात्यात,
त्याला आयुक्तांनीही हात लावायचा नाही.
अलकापुरीतल्या दोन डॉक्टरांनी घेतले,
एका देवस्थानानं घेतले,
आणि दांडिया बाजारातले कोटिभास्करमास्तर,
पेन्शनीतले दोन लाख घेऊन,
खिडकीच्या गजांतून विचारते झाले,
‘बुडणार नाही ना गं?’
मी म्हटलं, मास्तर, घरपट्टी तुम्ही भरता ना वेळेवर?
मग नाही बुडणार.
ते हसले नाहीत. पावती घडी करून
चष्म्याच्या घरात ठेवली.

विश्वामित्रीच्या काठावर हंसाबेनच्या खोलीत
दर पुराला कमरेएवढं पाणी.
पाणी ओसरतं; गेल्या खेपेला मगर
दोन दिवस सार्वजनिक नळापाशी पडून होती
आणि बायका हंडे घेऊन लांब उभ्या.
तीनशे बारा घरांतलं एक तिचं.
तिसरा मजला मिळाला तेव्हा तिनं खाली वाकून
जमीन किती लांब आहे ते पाहिलं,
मग मला म्हणाली, एवढ्या वर कशी चढेल ती!

सुनावणीला फुलाभाई पढियार आले होते.
जमीन गेली याबद्दल त्यांची हरकत नव्हती,
मुलगे खूशच होते.
चिंच मात्र अठरा मीटरच्या रस्त्यात मधोमध येत होती.
फॉर्मात विहीर आहे, कुंपण आहे,
झाड आहे: फळतं की नाही.
आम्ही मोजली. घेर नऊ फूट. भरपाई नियमाप्रमाणे.
फुलाभाईंनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली.
पैशे बराबर छे, म्हणाले.
पण ती इथं होती एवढं लखजो, बेन.

शेऱ्याच्या रकान्यात बोटभर जागा असते.
मी लिहिलं: चिंच.
छप्पनिया दुष्काळाच्या दुसऱ्या साली लावलेली.

ऑडिटला अहमदाबादचा पोरसवदा मुलगा आला.
त्याचं बोट तिथं थांबलं.
या नोंदीला आधार काय?
जमा नाही, खर्च नाही.
मी म्हटलं, आधार नाही.
त्यानं लाल पेन उचललं,
टोपण लावलं,
आणि पान उलटलं.

आता तिथं दिवे आहेत, गॅलऱ्यांत कपडे,
सुरतवाल्याच्या टॉवरची सावली
चारनंतर पहिल्या दोन इमारतींवर पडते.
त्याबद्दल अर्ज आलेत. उत्तर अजून दिलेलं नाही.
रोख्यांचं व्याज दर सहा महिन्यांनी वेळेवर जातं.

आणि रस्ता मधोमध एका जागी
दर पावसाळ्यानंतर खचतो,
खाली मुळं कुजतायत अजून.
रस्ते विभाग दुरुस्तीचं बिल पाठवतो,
आठ-नऊ हजारांचं, कारणाच्या जागी ‘अज्ञात’.
मी पास करते.